पाळीव पोपटांचे पचन आणि पिंजऱ्यातील वास : प्रकल्प नोंदी

१८ मार्च २०२५, भुसावळ

शाळेच्या विज्ञान मंडळाने हाती घेतलेल्या या प्रकल्पाची व्याप्ती आज ठरली. ‘आमच्या पोपटाला वास मारतो’ ही तक्रार भुसावळ, जळगाव आणि धुळे येथील पक्षीपाळकांकडून वारंवार ऐकू येते. त्यांच्या घरी जाऊन तो वास नेमका कोठून येतो हे शोधायचे, पक्ष्याचे खाणे, शीट आणि वजन यांची नोंद ठेवायची आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत पक्षीपाळकांना भिंतीवर लावता येईल असा एका पानाचा तक्ता तयार करायचा, असे कामाचे स्वरूप आहे. निदान आणि औषधोपचार हा आमचा प्रांत नाही. ते काम जळगावात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य मॅडम पाहणार आहेत.

प्रकल्पात बजरीगर, कॉकॅटिएल, लव्हबर्ड आणि सन कॉन्युर एवढेच विदेशी पक्षी घेतले आहेत. घरोघरी ‘मिठू’ म्हणून ठेवला जाणारा आपला कंठवाला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पाळता येत नाही, त्यामुळे तसा पक्षी दाखवायला आणणाऱ्यांना वन विभागाकडे जाण्यास सांगितले. सन कॉन्युरसारख्या विदेशी जातींची नोंदणीही आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ही माहिती भेटलेल्या बहुतेकांना नवीन होती.

२३ मार्च

आजारी शीट ओळखायची तर आधी निरोगी शीट पाहिलेली असली पाहिजे, म्हणून आज एका धडधाकट बजरीगरच्या पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कोरा कागद अंथरून बसलो. हा पक्षी दर पंधरा-वीस मिनिटांनी शीट करतो, त्यामुळे नमुन्यांची वाट पाहावी लागत नाही. ताज्या शिटेत तीन भाग वेगवेगळे दिसतात: गोल गुंडाळलेला हिरवट-तपकिरी विष्ठेचा भाग, त्याला चिकटलेला खडूसारखा पांढरा भाग आणि भोवती कागदात झिरपलेली स्वच्छ पाण्याची कड. पांढरा भाग म्हणजे मूत्रपिंडांतून येणारे युरिक आम्लाचे क्षार आणि पाण्याची कड म्हणजे द्रवरूप मूत्र. तिन्ही गोष्टी अवस्करातून (विष्ठा आणि मूत्र यांच्या सामाईक द्वारातून) एकत्रच बाहेर पडतात, त्यामुळे पक्षीपाळकांची गल्लत होते. कागद भिजलेला दिसला की ‘हगवण लागली’ असे म्हटले जाते. पण विष्ठेची गुंडाळी घट्ट असून फक्त पाणी वाढले असेल, तर ती हगवण नव्हे, मूत्राचे प्रमाण वाढलेले असते. काकडी, कलिंगड किंवा केळे खाल्ल्यावर एवढे होतेच.

काडीने ती गुंडाळी मोडून नाकाजवळ धरली, तर वास जवळजवळ नाही. ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांना हे पटत नाही. कोंबडीच्या आतड्याला दोन मोठ्या अंधनाल (एका टोकाला बंद असलेल्या नळ्या) असतात, तेथे अन्न कुजवले जाते आणि त्यातून अधूनमधून पडणारी चिकट शीट चांगलीच घाण मारते. पोपटांत या अंधनाल नसतातच किंवा नावापुरत्या असतात, आणि छोट्या पोपटांच्या पोटातून अन्न काही तासांतच पुढे सरकते. तेव्हा निरोगी पोपटाच्या ताज्या शिटेला उग्र दर्प येणे हे नेहमीचे नाही, ही आमच्या कामाची पहिली पायरी. अपवाद एकच नोंदवून ठेवतो: रात्रभर साठलेली सकाळची पहिली शीट मोठी असते आणि तिला थोडा वास येऊ शकतो.

३० मार्च

वजनासाठी साधन हवे होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅमचा फरक कळत नाही आणि बजरीगरच्या बाबतीत पाच ग्रॅम म्हणजे त्याच्या शरीराचा सातवा हिस्सा. जळगाव ही सोन्याच्या व्यापाराची पेठ असल्याने अचूक काट्याची अडचण पडली नाही, ओळखीच्या एका सराफांनी जुना काटा दिला आणि पहिला पक्षी तोलताना स्वतःच म्हणाले, “सर, हा तर साडेतीन तोळ्यांचा दागिना!” काट्यावर छोटी लाकडी दांडी बसवली आहे, तिच्यावर पक्षी दोन-तीन क्षण टेकला तरी आकडा मिळतो.

घरगुती बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकॅटिएल ८० ते १०० ग्रॅम आणि सन कॉन्युर १०० ते १२० ग्रॅम भरतो. परंतु जातीच्या सरासरीपेक्षा त्या पक्ष्याचे स्वतःचे गेल्या आठवड्यातले वजन महत्त्वाचे. मॅडमचा निकष स्पष्ट आहे: दहा टक्के घट दिसली की वास असो वा नसो, पक्षी दाखवायला आणायचा. वजन सकाळी, पहिली शीट झाल्यावर आणि खाणे देण्यापूर्वी घ्यायचे.

७ एप्रिल, जळगाव

पहिल्या फेरीतल्या घरांच्या नोंदी ताडून पाहिल्या. वासाच्या चार जागा ठरवल्या आहेत: चोच, शीट, पिसे आणि पिंजरा. प्रत्येक घरी याच क्रमाने हुंगायचे. हे ऐकायला गमतीचे वाटते आणि मुलांनी त्यावरून यथेच्छ हसून घेतले. पण पक्षीपाळकांच्या तोंडी ‘पक्ष्याला वास येतो’ या एका वाक्यात या चारही गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आजचे सर्वांत बोलके उदाहरण एका काकूंच्या एकट्या नर बजरीगरचे. तक्रार आंबट वासाची होती. चोचीला वास नव्हता, शीट व्यवस्थित होती, वजन ३६ ग्रॅम होते. वास पिंजऱ्यातल्या आरशाच्या मागून येत होता. हा नर आरशातल्या प्रतिबिंबाला जोडीदार समजून त्याला भरवतो, म्हणजे गळ्याखालच्या अन्नपिशवीतले मऊ झालेले दाणे मान हलवत वर काढतो आणि काचेवर ठेवतो. ते दाणे आरशाच्या प्लॅस्टिकच्या चौकटीत साचून आंबले होते. प्रियाराधनातले हे भरवणे आजार नाही. खरी उलटी ओळखण्याची खूण वेगळी आहे: आजारी पक्षी कोणालाही उद्देशून भरवत नाही, डोके झटकतो, दाणे चहूकडे उडतात आणि कपाळावरची पिसे चिकट होऊन एकमेकांना धरतात. काकूंनी आरसा काढला. पक्षी रुसला आहे असे त्या म्हणतात, वास मात्र गेला.

पिसांच्या वासाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. कॉकॅटिएलच्या अंगावर पांढरी भुकटी तयार होते, तिला कोरड्या धुळीसारखा वास असतो. आठवड्यातून काही वेळा आंघोळीला पाणी दिले की पुरते.

१७ एप्रिल

ऊन चढले आहे. येत्या महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे आपल्याला नवे नाही, पण पिंजऱ्यातल्या खाण्याचे त्यात काय होते याचा विचार कोणी करत नाही. एका घरी सकाळी सातला वाटीत ठेवलेली मोडाची मटकी दुपारी बारापर्यंत बुळबुळीत झाली होती आणि तिच्यावर बोट फिरवले तर तार सुटत होती. खोलीत त्या वेळी ३९ अंश होते. हीच मटकी पक्षी संध्याकाळपर्यंत टोचत असतो. मोड आलेली कडधान्ये आणि चिरलेली फळे सकाळी लवकर द्यावीत, तासाभरात उचलावीत आणि पाण्याची वाटी दिवसातून दोनदा घासावी, नुसती विसळू नये, कारण वाटीच्या आतल्या कडेला बसणारा बुळबुळीत थर विसळण्याने निघत नाही.

दोन घरी वासाचा उगम पक्ष्याशी संबंधितच नव्हता. कूलरच्या ताट्या गेल्या उन्हाळ्यापासून बदललेल्या नव्हत्या आणि पिंजरा नेमका कूलरच्या झोतात ठेवला होता. कुबट वास पोपटाच्या नावावर जमा झाला होता. वासापेक्षा येथे धोका मोठा आहे, कारण ओल्या ताट्यांवरची बुरशी हवेत बीजाणू सोडते आणि पक्ष्यांच्या फुप्फुसांना व वायुकोषांना अ‍ॅस्परजिलस बुरशीची बाधा होते. ताट्या बदलायला आणि पिंजरा झोताच्या बाजूला घ्यायला सांगितले.

वास घालवण्यासाठी पिंजऱ्याजवळ डांबरगोळ्या ठेवणे, फिनेलने फरशी पुसणे आणि अगरबत्ती लावणे हे तीन प्रकार बहुतेक घरांत चालतात. पक्ष्यांची श्वसनयंत्रणा धुरासाठी आणि वाफांसाठी माणसाहून कितीतरी हळवी आहे, म्हणून तिन्ही बंद करायला सांगतो आहोत. तळाचा कागद रोज बदलणे आणि ट्रे साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे एवढे पुरेसे असते. ऊन तर आपल्याकडे हवे तेवढे आहे.

३ मे

आखाजी (अक्षय तृतीया) होऊन गेली. माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले गेले आणि पिंजऱ्यांपर्यंत आमरस-पुरणपोळी पोहोचली. सणानंतरच्या दोन-तीन दिवसांत तक्रारींचे फोन वाढतील असा अंदाज होता आणि तो खरा ठरला.

एका सन कॉन्युरला आमरस आणि केळे भरपूर मिळाले होते. शीट पातळ, पण गुंडाळी शाबूत आणि वास नाही. नेहमीच्या खाण्यावर आणल्यावर दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत झाले. दुसऱ्या घरची गोष्ट वेगळी होती. तेथे आजोबा पक्ष्याला रोज दुधात कुस्करलेली पोळी देतात आणि सणात ती पुरणाची होती. पोपटाला दुधातली साखर पचवता येत नाही, कारण ती पचवणारे विकर त्याच्या शरीरात नसते. न पचलेली साखर आतड्यात आंबते. शीट पसरट, फेसाळ आणि आंबूस होती. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून पोळी पूर्ण बंद करण्याऐवजी कोरड्या भाकरीचा नखाएवढा तुकडा चालेल असे ठरवले. माझ्या मते आहारातला कोणताही बदल घरातल्या वडीलधाऱ्यांना पटल्याशिवाय टिकत नाही.

मिरचीबद्दल हमखास विचारणा होते, आणि नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ जवळ असल्याने ती स्वाभाविकही आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनची जळजळ पक्ष्यांना जाणवत नाही, त्यामुळे ताजी मिरची चालते. लाल मिरची किंवा बीट खाल्ल्यावर शिटेत दिसणारा लालसर रंग हे रक्त नव्हे. खाणे बदलून दुसऱ्या दिवशी रंग गेला का ते पाहावे. चुलीवरच्या फोडणीचा ठसका मात्र पक्ष्याला बाधतो.

१२ मे, धुळे

ही नोंद सविस्तर ठेवतो. तीन बजरीगर एका पिंजऱ्यात, त्यांतला पिवळा नर महिनाभरात हडकला. घरातल्या आईंचा प्रश्न अगदी नेमका होता: “सर, दाना तं खास, मंग बारीक का बरं व्हई ऱ्हायना?” (दाणे तर खातो, मग बारीक का होतो आहे?) पक्षी दिवसभर वाटीवरच बसलेला दिसतो, म्हणून घरच्यांना तो खातो आहे असे वाटत होते. वजन २७ ग्रॅम भरले. छातीवर बोट फिरवले तर मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागत होते आणि दोन्ही बाजूंचे मांस ओसरले होते. कपाळावरची पिसे चिकटलेली. चोच नाकाजवळ आणली तेव्हा आंबलेल्या पिठाचा स्पष्ट वास आला.

शीट पाहिल्यावर बरेच उलगडले. कागदावर बाजरी आणि राळ्याचे सोललेले दाणे जसेच्या तसे पडले होते, काडीने दाबले तर टणक. पोपट दाणा सोलून गिळतो. तो अन्नपिशवीत मऊ होतो, पुढे ग्रंथिल जठरात त्यावर आम्ल आणि पाचकरस सुटतात आणि पेषणीत तो भरडला जातो. अख्खा दाणा बाहेर पडतो त्या अर्थी जठर किंवा पेषणी यांपैकी कोठेतरी काम अडले आहे. म्हणजे खाणे आहे, पण त्यातले अंगी काही लागत नाही.

त्यातच घरच्यांनी एका दुकानातून कोंबड्यांसाठीची प्रतिजैविकाची पूड आणून आठवडाभर पाण्यात घातली होती. दुकानदाराने पक्षी न पाहताच ती दिली. निरोगी पोपटाच्या पचनमार्गात जे उपयुक्त जीवाणू असतात तेच अशा औषधाने आधी मरतात आणि मोकळ्या जागेत कॅन्डिडासारखे किण्व (यीस्ट) माजते. चोचीच्या आंबट वासामागे ते असणे शक्य होते. पाण्यातून दिलेल्या औषधाची मात्रा किती गेली हेही कळायला मार्ग नसतो, कारण पाण्याची चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो. पूड बंद केली, तिन्ही पक्ष्यांचे पिंजरे वेगळे केले आणि आजारी पक्ष्याला त्याच दिवशी मॅडमकडे पाठवले.

१५ मे

मॅडमनी अन्नपिशवीतला द्राव आणि ताजी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. अन्नपिशवीत किण्वाच्या मुकुलन होणाऱ्या (कळी फुटून वाढणाऱ्या) पेशी पुष्कळ होत्या. ट्रायकोमोनास हा हलता एकपेशीय परजीवीही बजरीगरमध्ये असाच वास आणि अशीच चिकट पिसे देतो, तो आढळला नाही. शिटेच्या पहिल्या नमुन्यात आणखी काही दिसले नाही, तरी मॅडमनी दुसऱ्या दिवशीचा नमुना मागवला, आणि त्यात लांब, सरळ, काड्यांसारख्या पेशी दिसल्या. हे मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर. आकाराने मोठा जीवाणू समजून पूर्वी त्याला मेगाबॅक्टेरिया म्हणत. तो प्रत्यक्षात एक किण्व आहे हे २००३ मध्ये निश्चित झाले. ग्रंथिल जठर आणि पेषणी यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यात तो ठाण मांडतो, तेथे बुळबुळीत स्राव वाढतो, आम्लता बिघडते आणि दाणे न भरडता पुढे जातात. तो शिटेतून सतत पडत नाही, अधूनमधून पडतो, म्हणून एका नमुन्यात न दिसल्यावर निश्चिंत होता येत नाही. जीवाणूंवरच्या औषधाचा त्याच्यावर परिणाम होणारच नव्हता.

अँफोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध थेट चोचीतून, काही आठवडे. अन्नपिशवीसाठी वेगळे औषध. मात्रा येथे लिहीत नाही. ३० ग्रॅमच्या जिवाला ती वजनावरूनच काढावी लागते आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

२६ मे

कॉकॅटिएलच्या मादीची शीट फार मोठी आणि दुर्गंधी, असा जळगावहून निरोप. मादी अंड्यांवर बसलेली आहे. घरटे घाण होऊ नये म्हणून ती शीट तासन्‌तास धरून ठेवते आणि बाहेर आल्यावर एकदम करते. त्या वेळात अवस्करात जीवाणू वाढतात. साधारण तीन आठवड्यांचे उबवणे आणि पिलांचे पहिले दिवस सरले की हे आपोआप थांबते. न बसलेल्या पक्ष्याची शीट अशीच सडका वास मारत असेल, तर मात्र क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंची शंका घेऊन तपासणी करावी लागते.

८ जून

हाताने भरवलेले लव्हबर्डचे पिलू. अन्नपिशवी रात्रीनंतरही फुगलेली, स्पर्शाला पिठाच्या गोळ्यासारखी, चोचीला आंबट वास. भरवण सकाळीच कालवून दिवसभर तेच कोमट करून वापरले जात होते, आणि ते पुरेसे गरमही नव्हते. पिलाचे भरवण साधारण ३८ ते ४१ अंशांचे असावे. थंड भरवणाने अन्नपिशवीची हालचाल मंदावते, तर ४३ अंशांच्या पुढचे भरवण तिला आतून भाजते. बोटाने अंदाज घेण्याऐवजी तापमापी वापरावी. प्रत्येक वेळी ताजे कालवावे आणि चोवीस तासांत एकदा तरी अन्नपिशवी पूर्ण रिकामी होऊ द्यावी. भरलेल्या, आंबलेल्या पिशवीवर आणखी भरवण ओतणे हा सर्वांत घातक प्रकार, आणि तो होतो, कारण घरच्यांना पिलू उपाशी राहील याची भीती वाटते. पिलू मॅडमकडे दिले. पिशवी रिकामी करण्याचा प्रयत्न घरी करू नये, द्राव श्वासनलिकेत जातो.

२२ जून

पाऊस पडला आणि तक्रारींचे स्वरूप बदलले. आता आंबट वासाऐवजी कुबट वास. दोन ठिकाणी धान्याचा डबा उघडल्याबरोबर कारण समजले: शेंगदाणे आणि मका यांवर बुरशी. भुईमुगावर आणि मक्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते यकृत बिघडवते. बुरशी पुसून किंवा दाणे भाजून ते विष निघून जात नाही. घरच्या शेतातला माल टाकून द्यायला जीव होत नाही हे समजण्यासारखे आहे, पण तो पक्ष्याला द्यायचा नाही, आणि खरे तर माणसानेही खायचा नाही.

शिटेचा पांढरा भाग पोपटी-हिरवा किंवा पिवळा झाला तर यकृताचा विचार करावा लागतो, आणि त्यात क्लॅमिडिया सिटासी या जीवाणूचा संसर्गही येतो, जो माणसालाही होतो. यापुढे आजारी पक्ष्याच्या घरी विद्यार्थी जाणार नाहीत. मी मास्क लावून जाईन आणि कोरडी शीट झाडण्याऐवजी ओली करून पुसायची, अशी सूचना सर्व घरांना दिली.

६ जुलै

तक्त्याचा मसुदा पूर्ण झाला. सुरुवात वजनाने करावी की वासाने, यावर मॅडमशी बरीच चर्चा झाली. वैद्यकीयदृष्ट्या वजन आधी यायला हवे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु माणूस वासाची तक्रार घेऊन येतो, म्हणून पहिला प्रश्न ‘वास कोठून?’ हाच ठेवला आणि त्याच्या लगेच खाली वजनाची चौकट मोठ्या अक्षरांत घेतली. पिंजऱ्याचा, वाटीचा, आरशाचा किंवा कूलरचा वास असेल तर घरचे उपाय. चोचीचा वास असेल, अख्खे दाणे पडत असतील, शीट काळी डांबरासारखी असेल किंवा पक्षी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. शिटेची रंगीत छायाचित्रे काढून टाकली, कारण मोबाइलवर आणि छपाईत रंग बदलतात आणि लोक छायाचित्राशी रंग जुळवत बसतात.

१३ जुलै, धुळे

पिवळ्या नराचे वजन ३३ ग्रॅम. शिटेत अख्खे दाणे नाहीत, चोचीचा वास गेला आहे, पिसे सुटी झाली आहेत. त्याच्यासोबतच्या दोघांपैकी मादीच्या शिटेत मॅक्रोऱ्हॅब्डस आढळले, जरी तिचे वजन एकदाही घटले नव्हते. तिचे औषध चालू आहे. तिसऱ्याचे नमुने आतापर्यंत स्वच्छ आहेत. मादीचे औषध संपून पुन्हा तपासणी होईपर्यंत तिघांना एकत्र करायचे नाही, वाट्या वेगळ्या ठेवायच्या आणि वजन दर रविवारी घ्यायचे, असे आईंना सांगितले. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते आकडे आधीपासूनच लिहायला सुरुवात केली आहे. पुढचे नमुने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॅडमकडे द्यायचे आहेत.